तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रायल रूममध्ये मी एवढा वेळ काय करते

"आत झोपलीस काय गं?" हे ताईचं ठरलेलं वाक्य. मैत्रिणी त्यातल्या त्यात सौम्य, त्या दारावर टकटक करून "अजून किती?" एवढंच विचारतात. भाची मात्र थेट विचारते, "मावशी, एका जीन्सला अर्धा तास? आणि आत उकिडवी कशाला बसतेस? दाराखालून दिसतं."

आठ वर्षं मी या प्रश्नाला "काही नाही, असंच" म्हणत आले. मग पुढचा प्रश्न येतो, "बरं, तू एवढं बघतेस तर सांग, कोणत्या कंपनीची घेऊ?" आणि मला खरंच राग येतो. कारण कंपनीचं नाव हे उत्तरच नाही. एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या, फक्त रंग वेगळा असलेल्या दोन जीन्स मी घालून बघितल्या आहेत. एकीत श्वास घेता येत होता, दुसरीत नाही. कापड वेगळं, धुलाई वेगळी, कापणी करताना पडलेला अर्ध्या इंचाचा फरक, सगळं मिळून माप बदलतं. चिठ्ठीवरचा आकडा धरून जीन्स घेऊ नका, हे मी इतक्या वेळा सांगितलंय की आता सांगवत नाही.

पण उकिडवं बसण्याचं कारण मी कुणालाच सांगितलेलं नाही. ते सांगते.

बाबांना ज्या संध्याकाळी दवाखान्यात नेलं, तेव्हा मी कामावरून तशीच गेले होते. अंगात एक पातळ, ताणली जाणारी, अंगासरशी बसणारी जीन्स. माझी आवडती होती. रोज घालायची, कारण ती घातल्याचं कळायचंच नाही. स्ट्रेचरवरून पलंगावर घेताना वॉर्डबॉय एका बाजूला, दुसऱ्या बाजूला मी आणि माझा धाकटा भाऊ. मी गुडघ्यात वाकून बाबांच्या पाठीखाली हात घातला, जोर लावला, आणि टर्रकन आवाज आला. बाबांना नीट ठेवलं, पांघरूण घातलं, मग हात मागे नेऊन चाचपलं. मांडीच्या आतल्या बाजूला वीतभर फाटली होती.

स्वेटर होता, तो कमरेला बांधला. बाहेरच्या बाकावर गुडघे जुळवून बसले. ताई परगावी होती, ती सकाळी पोचणार होती. भाऊ चहा, औषधं, कागद, सगळ्यासाठी धावत होता. मी उठत नव्हते. "तू थकलीयेस, बस," असं तोच म्हणाला होता, आणि मी ते धरून बसले.

पहाटे चारच्या सुमारास सिस्टर दारात आल्या. "यांचे नातेवाईक कोण? डॉक्टर बोलावतायत." समोरच्या बाकांवर दहा-बारा माणसं जागी होती, वर ट्यूबलाइटचा पांढरा उजेड. डॉक्टरांची खोली त्या सगळ्यांच्या समोरून पार टोकाला. मोठी मी होते. भाऊ बावीस वर्षांचा होता. मी त्याला म्हटलं, "तू जा, मी सामानापाशी थांबते."

सामान म्हणजे एक पिशवी होती.

तो दहा मिनिटांनी परत आला. हातात पेन तसंच होतं, द्यायला विसरला होता. काय म्हणाले विचारलं तर "करतायत प्रयत्न" एवढंच बोलला. त्याने एका कागदावर सही केली होती. कसली, ते मला ताई आल्यावर कळलं. बाबा तिसऱ्या दिवशी गेले. डॉक्टर त्या खोलीत नक्की काय म्हणाले ते मी त्याला आजही विचारते. तो दर वेळी थोडं वेगळं सांगतो. खोटं सांगत नाही. बावीस वर्षांच्या मुलाने पहाटे चार वाजता एकट्याने ऐकलेलं ते बोलणं आहे.

आता तुम्ही म्हणाल, यात जीन्सचा काय दोष? मीही स्वतःला हेच म्हणते. स्वेटर बांधलेला होता. त्या बाकांवरच्या माणसांना आपापली काळजी होती, माझ्याकडे कोण बघत होतं? उठले असते तर काहीही झालं नसतं. हे मला तेव्हाही कळत होतं, आणि तरी मी उठले नाही.

महिन्याभराने ती जीन्स खिडकीपाशी धरून बघितली. शिवण शाबूत होती. दोन्ही ओळींतला एक टाकाही उसवला नव्हता. गेलं होतं ते कापड. शिवणीपासून बोटभर अंतरावर निळे उभे धागे झिजून संपले होते, मागे उरली होती आडव्या पांढऱ्या धाग्यांची जाळी, आणि त्या जाळीतून केसांसारखे बारीक, चकाकणारे तुकडे बाहेर आले होते. डेनिममध्ये, म्हणजे जीन्सच्या कापडात, उभा धागा निळीत रंगवलेला असतो आणि आडवा कोरा. उभा धागा साधारणपणे तीन आडव्यांच्या वरून जातो आणि एकाच्या खालून, म्हणून बाहेरून निळं दिसतं, आतून फिकं. घासलं जातं ते बाहेरचं, म्हणजे निळे धागे आधी जातात. ते चकाकणारे केस म्हणजे इलॅस्टेन, कापडाला ताण देणारा रबरासारखा धागा. ते बहुतेक वेळा आडव्या धाग्याच्या पोटात घातलेलं असतं आणि त्याला उष्णता सोसत नाही. मी ती जीन्स गरम पाण्यात धुवायचे, वर कडक इस्त्री करायचे.

म्हणजे कापड सांगत होतं. मांडीच्या आत पांढरा डाग पडत चालला होता, तो मी पिळताना बघितला होता. "मस्त फेड झालीय" असं म्हणून वाळत घातली होती. त्या वेळच्या मला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, कपड्याला काय एवढं जपायचं, फाटली की दुसरी घेऊ. तिचं अगदीच चुकत होतं असं मला आजही म्हणता येत नाही. एरवी कुठेही फाटली असती तर दुसरीच घेतली असती आणि विसरून गेले असते.

त्यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेले. जाड, न धुतलेलं, कोरं डेनिम. डेनिमचं वजन एका चौरस यार्डामागे औंसात मोजतात. 1 औंस म्हणजे चौरस मीटरला साधारण 34 ग्रॅम. नेहमीच्या जीन्स 11 ते 14 औंसांच्या असतात. मी 16 औंसांची आणली. पहिले काही आठवडे बसताना ती गुडघ्यामागे टोचायची. पण वाटायचं, ही फाटणार नाही. कुणीतरी सांगितलं की अशी जीन्स सहा महिने धुवायची नाही, म्हणजे नीळ आपल्या अंगाच्या घड्यांप्रमाणे उतरते. नीळ उतरते हे खरं. रंगवताना सूत पुन्हापुन्हा नीळीच्या हौदात बुडवतात. बाहेर येतं तेव्हा ते पिवळट हिरवं असतं, हवा लागली की निळं होतं. रंग वरवर बसतो, धाग्याचा गाभा पांढराच राहतो, म्हणून झिजेल तसं पांढरं दिसू लागतं. हे सगळं मला फार आवडलं होतं. मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगत सुटले. एका मैत्रिणीला तर आग्रहाने तसलीच घ्यायला लावली. कापड आधीच आटवून घेतलेलं नव्हतं, पहिल्या धुण्यात ती इतकी आटली की तिला परत घालताच आली नाही. ती काही बोलली नाही. त्याबद्दल मी तिची माफी मागितली आहे, इथे पुन्हा मागते.

आणि माझी 16 औंसवाली? तीही मांडीपाशीच गेली. घाम आणि धूळ धाग्यात अडकून राहते, चालताना कापड कापडावर घासतं आणि मधली ती धूळ कानशीसारखं काम करते. जाडीने फाटणं लांबलं, टळलं नाही. शिवाय ती कमरेपासून मांड्यांमधल्या जोडापर्यंत मला आखूड होती. चढवताना ओढून घ्यायचे, बसले की मागून खाली सरकायची आणि सगळा ताण नेमका त्याच जागेवर यायचा.

कापडापेक्षा ताणाची जागा बघायची, हे कळायला मला दोन जीन्स आणि चार वर्षं लागली. एका शिंप्याला ते फार आधीच कळलं होतं. 1873 च्या मे महिन्यात रिव्हेट, म्हणजे धातूच्या ठोकलेल्या टिकल्या, लावलेल्या पँटचं पेटंट निघालं, ते लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस या दोघांच्या नावावर. डेव्हिस हा नेवाडातल्या रेनो गावचा शिंपी. एक बाई त्याच्याकडे आली, नवऱ्याला मजुरीच्या कामासाठी टिकणारी पँट हवी म्हणाली. त्याने खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याचे रिव्हेट ठोकले, कारण ताण तिथे येत होता आणि फाटत तिथे होतं. कापड बदललं नाही, जागा ओळखली. म्हणून कोणती कंपनी असं विचारलंत की माझा उलटा प्रश्न असतो: तुमची कुठे फाटते? यावर लोक गप्प होतात. घरी जाऊन जुन्या जीन्स बघा. कुणाच्या गुडघ्याला जातात, कुणाच्या मागच्या खिशाला फोनचा चौकोन पडून तिथून, कुणाच्या पायाच्या खालच्या कडेला, टाचेखाली येऊन. माझ्या मांडीला जातात. मी तिथलं बघते.

तर आत मी हे करते. आधी जीन्स उलटी करते. मांडीची आतली शिवण दुमडून दोन ओळींत घातलेली आहे की नुसती ओव्हरलॉक मारून, म्हणजे कडेवर धागा गुंडाळून, सोडलीय ते बघते. खिशाच्या अस्तरात बोट घालून ते उजेडात धरते. बोट स्पष्ट दिसलं तर तो खिसा किल्ल्यांनी वर्षभरात जाणार. गुडघ्यापाशी आणि मांडीपाशी मुद्दाम झिजवलेलं कापड असेल तर तिथेच परत ठेवते, कारण ते आयुष्य कारखान्यातच वापरून झालेलं असतं. आतल्या चिठ्ठीवर इलॅस्टेन किती ते वाचते. एक-दोन टक्क्यांना माझी हरकत नाही, आणि हे मला जाड डेनिमवाल्यांशी भांडून सांगावं लागतं. ताणच नसलेलं कापड प्रत्येकीला सोसत नाही.

मग घालते. उभं राहून आरशात बघायला एक मिनिट पुरतं. उभं राहिल्यावर सगळ्याच जीन्स बऱ्या दिसतात. मग बसते, आधी स्टुलावर, मग उकिडवी. बसल्यावर मागे कमरेपाशी मूठ जाईल एवढी फट पडते का? मागे पट्ट्याच्या खाली, खिशांच्या वर असतो तो उतरता जोड माझ्या पाठीच्या वळणाला सपाट असेल तर पडते, आणि पट्टा आवळून ती जात नाही, नुसत्या चुण्या पडतात. मांडीवर आडव्या सुरकुत्या ताणून उभ्या राहतात का? एक पाय स्टुलावर ठेवून वाकते, खालून जड वस्तू उचलावी तशी. हे मी दोनदा करते. दुसऱ्यांदा करताना मला दर वेळी ती पलंगाची कड आठवते, म्हणून मग जरा वेळ लागतो.

पट्ट्याचंही असंच. कड बघा. चामड्याचा भुगा चिकटवून वर कातडीसारखा थर दिलेला असेल तर कडेला पापुद्रे दिसतात, आणि तो भोकापाशी आधी तडकतो. माप बक्कलपासून मधल्या भोकापर्यंत घ्यायचं, म्हणजे जेवणाआधी आणि नंतर दोन्हीकडे जागा उरते. बटण लागून बेंबीखाली खाज आणि चट्टा उठत असेल तर ते बरेचदा निकेलमुळे असतं. आतून कापडाचा तुकडा शिवून टाका आणि चट्टा जात नसेल तर डॉक्टरांना दाखवा, "घामामुळे असेल" म्हणत वर्ष काढू नका. खांद्यावरच्या बॅगेचा पट्टा जिथे शिवलाय तिथे चौकोनात फुली मारलेली शिलाई असावी. बॅगेबद्दल याहून जास्त मला कळत नाही.

हे लिहायला घेण्याआधी मी भावाला फोन केला. त्या रात्रीचं जीन्सचं मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला वाटलं होतं, तुला आत जायची भीती वाटली."

मी म्हटलं, नाही रे, फाटली होती. तो म्हणाला, "बरं." आणि फोन ठेवल्यावर मी बसून राहिले, कारण तो चुकीचं बोलला असं मला छातीठोक सांगता येईना. वीतभर फाटलेल्या कापडामागे मी आणखी काही लपवलं होतं का? आठ वर्षं मी शिवणी तपासतेय, ती फाटू नये म्हणून, की त्या पहाटेला दुसरं काही कारण सापडू नये म्हणून? मला माहीत नाही. माहीत नसूनही पुढच्या वेळी मी उकिडवी बसेनच.

ती फाटलेली जीन्स कपाटात खालच्या कप्प्यात आहे. आतून तुकडा लावून, बारीक टाक्यांनी, धाग्याच्या दिशेने रफू करता येईल एवढं मला आता येतं. अजून केलेलं नाही.

भाचीला नव्या कॉलेजसाठी जीन्स घ्यायची आहे, रविवारी चल म्हणते. ताईने आधीच बजावलंय, तासाभरात आटपा. मी बाहेर उभी राहणार आहे, दारावर टकटक करणार नाही. ती आतून "झालं, बसतेय मला" म्हणाली की विचारणार आहे, बसून बघितलंस का?