बटन, बटन, बटन

इकडे येऊन लायब्ररीत नोकरी लागली म्हटल्यावर आईला वाटलं मी दिवसभर कपाटं लावतो. खरं तर मी लायब्ररीच्या वेबसाइटची स्क्रीनं बनवतो, आणि महिन्यातून एकदा खरा वाचक शेजारी बसवून तो ती कशी वापरतो ते बघतो. नियम एकच, आपण गप्प बसायचं, मदत करायची नाही, माउसला हात लावायचा नाही.

पहिल्याच वेळी साठीचे एक गृहस्थ आले, अजिबात दिसत नाही, स्वतःचा लॅपटॉप आणि त्यात एनव्हीडीए, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर. काम साधंच, एक पुस्तक रिझर्व करा. पुस्तक सापडलं, पुढे प्रत्येक नावाशेजारी मी मोठ्या हौसेने तीन आयकॉन टाकले होते, हार्ट, घड्याळ, अधिकचं चिन्ह. लॅपटॉप वाचायला लागला: बटन, बटन, बटन. चित्राला मागे नावच दिलेलं नाही तर तो बिचारा दुसरं काय वाचणार! त्यांनी अंदाजाने एक दाबलं, पुस्तक विशलिस्टमध्ये गेलं, मग ते शांतपणे पान पहिल्यापासून ऐकत बसले आणि तेवढ्यात लॉगिनच संपलं. आणि म्हणाले, सॉरी हं, मला हे कंप्युटरचं नीट जमत नाही. मला तर खुर्चीतच रुतून जावंसं वाटलं, कारण चूक माझी होती आणि नियमाप्रमाणे मी बोलूही शकत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी डेव्हलपरने सगळ्या बटनांना नाव दिलं, 'आयकॉन'. तपासणीचं टूल लगेच हिरवं झालं! टूल एवढंच बघतं की नाव आहे की नाही, नावाला अर्थ आहे का हे त्याला काय कळणार. मग 'रिझर्व करा' केलं, तर वीस पुस्तकांच्या यादीत वीस वेळा 'रिझर्व करा', नक्की कुठलं? शेवटी बटनाच्या नावातच पुस्तकाचं नाव घातलं. लॉगिनचं मात्र जाम रखडलं. वेबसाइट दिव्यांगांनाही वापरता यावी म्हणून डब्ल्यूसीएजी नावाचे जे नियम आहेत त्यात वेळ संपायच्या आधी सांगायचं आणि वाढवून घ्यायला निदान 20 सेकंद द्यायचे असं आहे, पण आमचं लॉगिन बाहेरच्या कंपनीचं, त्यामुळे नुसत्या ईमेल.

आपल्याकडच्यांना सांगायला बरं वाटतं की मराकेश करार सगळ्यात आधी भारताने मान्य केला, 2014 मध्ये. त्या कराराप्रमाणे अंध वाचकांसाठी ब्रेल, ऑडिओ वगैरे रूपात पुस्तक करायला दर वेळी प्रकाशकाची परवानगी लागत नाही. पण पुस्तक तयार असून त्याच्यापर्यंत जाणारं बटन मुकं असेल तर काय उपयोग.

ते गृहस्थ पुन्हा आले तेव्हा रिझर्वेशन पटकन झालं. खूश झाले, आणि लगेच विचारलं, मग आता ऑडिओबुक कुठून ऐकू? ते अ‍ॅप तिसऱ्याच कंपनीचं. आम्ही सगळे टेबलाकडे बघत बसलो.