शेवटी पल्सार घेतला

रविवार, रात्री साडेअकरा

आज मेल पाठवला एकदाचा. मे-जून पुण्यात, पल्सारच्या डेटावर काम. पल्सार म्हणजे स्वतःभोवती गरगर फिरणारा तारा, त्याच्या रेडिओ लहरी आपल्याकडे ठरावीक वेळाने ठोक्यासारख्या येतात. गेले नऊ दिवस डोक्यात नुसता घोळ चालू होता, जेवताना पण तेच, म्हणून झोपायच्या आधी सगळं लिहून ठेवतेय.

दोन प्रोजेक्ट हातात होते. पहिला तीन विज्ञान अकादम्यांच्या समर फेलोशिपमधून मिळालेला, त्यात स्टायपेंड मिळतो, रेल्वेचं भाडं मिळतं, आणि इन्स्टिट्यूट अशी की नाव घेतलं तरी वर्गात सगळे वळून बघतात. विषय जनरल रिलेटिव्हिटी, म्हणजे आइनस्टाइनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत. दुसरा आमच्या डिपार्टमेंटच्या सरांच्या ओळखीतून, पुण्यातल्या एका रेडिओ अ‍ॅस्ट्रॉनॉमीवाल्या सरांकडे. स्टायपेंड नाही, राहायचं मावशीकडे बोपोडीला.

कागदावर बघितलं तर विचार करायचं कारणच नव्हतं. रूममेट म्हणाली वेडी आहेस का, एमएस्सीला अर्ज करशील तेव्हा सीव्हीवर काय दिसणार. तिचं चुकीचं नाहीये, आमच्यासारख्या तालुक्याच्या कॉलेजातून आलेल्यांना नावाचा आधार लागतोच. एफवायला मला होमी भाभा सेंटरचं एनआययूएस, म्हणजे विद्यार्थ्यांना संशोधनाची ओळख करून देणारा कार्यक्रम, माहीतच नव्हतं, बीएस्सीच्या सुरुवातीच्याच वर्षांसाठी असतं ते, कळलं तोवर वेळ निघून गेली होती. म्हणून या वेळी हातातलं सोडायची खूप भीती वाटत होती.

मग मी दोन्ही सरांना एकच प्रश्न मेल केला, सर, पहिल्या आठवड्यात मी नेमकं काय करेन? पहिल्यांचं उत्तर चार दिवसांनी आलं, की नोट्स वाचायला सुरुवात कर, जूनमध्ये मी बराचसा बाहेर आहे, शेवटी एक रिपोर्ट लिही. दुसऱ्यांचं त्याच रात्री. त्यांनी लिहिलं होतं की बी०३२९+५४ या पल्सारची एक कच्ची फाईल देईन, त्यातलं डिस्पर्शन (वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीच्या लहरी मागेपुढे पोचतात ते) तयार सॉफ्टवेअर न वापरता स्वतः कोड लिहून काढायचं, अडलीस तर शेजारच्या टेबलावर पीएचडी करणारी एक ताई आहे. आणि शेवटी, पायथन किती येतं ते खरं खरं सांग. मी खरं सांगितलं, फॉर लूपपर्यंत.

तरी ठरत नव्हतं. मग गुरुवारी रात्री सहज वही घेतली. पल्सारपासून आपल्यापर्यंतच्या वाटेत मोकळे इलेक्ट्रॉन असतात, त्यांच्यामुळे कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी मागे पडतात, आणि हा उशीर फ्रिक्वेन्सीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. या पल्सारचं डिस्पर्शन मेजर, म्हणजे वाटेत एकूण किती इलेक्ट्रॉन आहेत ते सांगणारा आकडा, साधारण २६.८. मी ५०० आणि ३०० मेगाहर्ट्झ घेऊन गणित केलं तर फरक आला ०.७९ सेकंद. आणि हा तारा स्वतःभोवती फिरतो ०.७१ सेकंदात! म्हणजे ५०० वर पुढचा ठोका येऊन गेला तरी ३०० वर आधीचाच अजून पोचायचाय. हे सरळ न करता सगळी फ्रिक्वेन्सी एकत्र मिळवली तर ठोका पसरून सपाट होणार, दिसणारच नाही. मी तीनदा गणित तपासलं, मग ४०० घेऊन केलं, मग २५०, आणि वर बघितलं तर दीड वाजला होता. रिलेटिव्हिटीच्या नोट्स पण मी त्याच आठवड्यात उघडल्या होत्या, आवडल्या पण, पण अकरा पानांनंतर मिटल्या त्या मिटल्याच. हा फरक मला कोणी समजावून सांगायची गरज राहिली नाही.

गुरुत्वाकर्षण सोडून दिलं असं पण नाही म्हणा. जून २०२३ मध्ये पल्सारच्या ठोक्यांच्या वेळा वर्षानुवर्षं मोजून अतिशय मंद गुरुत्वीय लहरींची चाहूल लागल्याचं जाहीर झालं, त्यात युरोपच्या गटाबरोबर आपल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा डेटा होता. आपल्या खोडदचा! आमच्या घरापासून दुचाकीवर वीस मिनिटं. सहावीत असताना २८ फेब्रुवारीच्या विज्ञान प्रदर्शनाला शाळेने नेलं होतं तेव्हा मी विचारलं होतं की ही डिश जाळीची का, भोकं आहेत त्यातून लहरी पडून नाही का जाणार. तिथल्या दादांनी दोन्ही हात पसरून दाखवलं, लहर एवढी लांब, भोक एवढंसं, तिला ते भोक कळतच नाही, आणि वारा मात्र आरपार जातो. ही दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची ही कल्पना, त्यामुळे ४५ मीटरच्या ३० डिश कमी खर्चात उभ्या राहिल्या. चौदा मधे जवळजवळ, सोळा इंग्रजी वाय (Y) आकाराच्या तीन हातांवर लांब पसरलेल्या. ते हात पसरणं अजून डोळ्यासमोर आहे माझ्या.

घरी सांगणं अवघड होतं, कारण मे-जून म्हणजे आमचा टोमॅटोचा तोडा, आणि माणसं मिळत नाहीत. स्टायपेंड सोडतेय हे पण सांगायचं होतं. अण्णा मागच्या ओट्यावर कॅरेट धूत होते, सगळं ऐकलं, मधे काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे आपल्या इथल्या डिशमधून जे येतं, तेच तू तिकडं बसून वाचणार?" मी हो म्हटलं. म्हणाले, "मग जा की. तोड्याला तुझ्या मामाला बोलावतो. शनिवारी मात्र ये."

फेलोशिपला नकाराचा मेल पण आजच पाठवलाय, माझ्या मागे यादीत कोणीतरी थांबलेलं असेल, त्याला लवकर कळलेलं बरं. पाठवताना हात थोडा थरथरला.

उद्यापासून रोज दोन तास पायथन. आधी अ‍ॅरे, मग फूरिये, म्हणजे सिग्नल वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीत फोडायचं गणित. सरांनी सरावाला एक छोटी फाईल पाठवलीय, ती माझ्या लॅपटॉपवर उघडायलाच सात मिनिटं लागली, पण उघडली.