शीमनबाईंच्या दालेममध्ये

बर्लिनच्या यू-३ मेट्रोनं दालेम-डोर्फला उतरलो. गवती छपराचं स्टेशन, त्यामुळे चुकायचा प्रश्नच नाही. तिथून पूर्वेकडे पंधरा-वीस मिनिटं चाललं की वनस्पती संग्रहालय लागतं. पिकांची आनुवंशिकता अभासणाऱ्या शास्त्रज्ञ एलिझाबेथ शीमन (१८८१–१९७२) १९३१ पासून इथं काम करत.

त्याआधी, आनुवंशशास्त्रज्ञ एर्विन बाउर यांच्या संस्थेत, त्यांनी जव हाताळला. हिवाळी जवाला थंडी मिळाल्याशिवाय ओंबी येत नाही, उन्हाळी जवाला थंडीची गरज नसते. हा फरक पिढ्यांमध्ये कसा उतरतो, हा त्यांचा प्रश्न. जवाचा संकर नाजूक हातांचं काम आहे. फूल स्वतःचाच पराग घेतं, म्हणून ओंबी पोटरीत, म्हणजे पानाच्या आवरणात, असतानाच तूस उघडून चिमट्यानं तिन्ही परागकोष काढायचे. ते हिरवे असतानाच निघाले पाहिजेत. पिवळे झाले की उशीर झाला, पराग सांडलेलाच असतो. मग कागदी पिशवी चढवायची आणि दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या वाणाचा पराग कुक्षीवर टेकवायचा. दुसऱ्या पिढीची पेरणी वसंतात फार लवकर केली, तर रात्रीच्या गारव्यानंच हिवाळी रोपंही ओंबीवर येतात आणि हिवाळी किती, उन्हाळी किती ही सगळी मोजणी फसते.

पिकांच्या उगमावरचा त्यांचा ग्रंथ १९३२चा. पुढच्याच वर्षी नाझी सत्तेवर आले. शीमनबाई वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धान्ताला उघड विरोध करत. १९४०मध्ये त्यांचा विद्यापीठात शिकवण्याचा अधिकार काढून घेतला गेला. मार्च १९४३च्या बॉम्बहल्ल्यात संग्रहालयातल्या सुकवलेल्या वनस्पतींचा बहुतेक संग्रह जळाला. त्याच वर्षांत आंद्रेया आणि वालेरी वोल्फेनस्टाइन या ज्यू बहिणींना लपवून ठेवणाऱ्यांमध्ये बाई होत्या. पकडल्या गेल्या असत्या, तर काय झालं असतं ते सांगायला नको. जेरुसलेमच्या याद वाशेम या ज्यू नरसंहाराच्या स्मारक-संस्थेनं त्याची नोंद २०१४मध्ये घेतली. फार उशिरा, असं मला वाटतं.

परत स्टेशनवर येऊन पुढच्या थांब्याला उतरलो. इनेश्ट्रासे २२, म्हणजे मानववंशशास्त्राच्या कैसर विल्हेल्म संस्थेची जुनी इमारत. याच इमारतीत वंशश्रेष्ठत्व मानणाऱ्या ऑयगेन फिशरच्या हाताखाली आपल्या इरावती कर्वे यांनी १९२८ ते १९३० या काळात कवट्या मोजल्या आणि युरोपीय कवटी वेगळी असल्याचं मापांत दिसत नाही, असं त्याच फिशरपुढे मांडलं. शीमनबाईंचं संग्रहालय इथून चालत जाण्याइतकं जवळ आहे. दोघी कधी भेटल्या का, याचा विचार करत मी दारावरची पाटी वाचत उभा राहिलो.