आज ती लुकलुक थांबताना पाहिली

दुपारभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते. दोन काचांमध्ये ८सीबी या द्रवस्फटिकाचा (द्रवासारखा वाहणारा, पण रेणू स्फटिकासारखे शिस्तीत लागलेले असा पदार्थ) थर, जाडी जेमतेम काही मायक्रॉन. ४१ अंशांच्या वर आडव्या-उभ्या ध्रुवकांमधून (प्रकाशाची एकाच दिशेतली कंपनं जाऊ देणाऱ्या चकत्या) नुसता काळोख. हळूहळू थंड करत गेले. ४०.५च्या आसपास काळ्यावर रंगीत थेंब उमटले, एकमेकांत मिसळले, आणि अख्खं दृश्य पाण्यावरच्या उन्हासारखं लुकलुकायला लागलं. रेणूंची दिशा सतत डुलत असते, ते डुलणंच डोळ्यांना दिसतं! ३३.५च्या सुमारास रेणू थरांत बसले आणि लुकलुक एकदम थांबली. पंख्यांसारखी नक्षी तेवढी उरली.

१८८८ मध्ये द्रवस्फटिकांचा शोध लावणाऱ्या रायनिट्झर या शास्त्रज्ञाला एकाच पदार्थाचे दोन वितळणबिंदू दिसले, १४५.५ आणि १७८.५ अंश. त्यालाही असंच भरून आलं असेल का?

मी परत तापवलं. आणखी तीनदा पाहिलं.