राधानगरी ते चिखली, भोगावतीकाठानं सायकलवर: नकाशातले पूल धरून चालू नका

"अकराला दरवाजे उघडतात, तोवर निवांत नाश्ता करा," असं लॉजवाल्यानं छातीठोकपणे सांगितलं. थाप! राधानगरी धरणाचे सातही दरवाजे स्वयंचलित आहेत. तलाव भरून पाणी ठरलेल्या पातळीला चढलं की ते आपोआप उचलले जातात, पाणी उतरलं की बसतात. बटण दाबायला कुणी नसतं. पहाटेपासून पाच दरवाजे उघडे होते. एकेकातून 1,428 क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट), म्हणजे पाचांतून मिळून सात हजारांच्या वर पाणी आमच्या आधीच खाली निघालं होतं. तरी गाडीतळाच्या नावाखाली सायकलीचेसुद्धा पन्नास रुपये उकळले. पावती मागा, आवाज लगेच उतरतो.

दाजीपूरचं जंगल छान आहे, पुढं चला.

खरा वैताग राशिवड्याला. नकाशात नदीवर पूल दिसतो, प्रत्यक्षात तो कोल्हापुरी बंधारा. पावसाळा सरला की खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवतात, पावसाळ्याआधी बरगे काढतात, आणि वरचा स्लॅब हाच दोन्ही काठांचा रस्ता. आम्हाला तो स्लॅब दिसलाच नाही. नदीच्या मधोमध पाण्याला एक आडवी घडी पडत होती आणि तिथं उसाचा पाला गरगरत होता, एवढीच खूण. कठडा नसतो. पाणी घोट्याएवढं दिसलं तरी घुसू नका, गावातलं कुणी "जातंय की" म्हणालं तरी.

मग उसातली पाणंद, म्हणजे शेतातली कच्ची वाट. काळी माती मडगार्ड आणि टायरच्या मधे अशी ठासून बसते की चाक फिरतच नाही. काडीनं उकरा, दहा पावलं जा, पुन्हा उकरा. शेवटी ट्रॅक्टरवाल्यानं डांबरीपर्यंत सोडायचे पाचशे घेतले. लूट होती, पण त्या क्षणी हजारही दिले असते. मडगार्ड घरीच काढून ठेवा.

हळदी, तारळे, खडक कोगे इथंही असेच बंधारे आहेत. पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यांची यादी पावसाळ्यात रोज जाहीर होते, ती बघूनच निघा. धरण आहे म्हणजे पूर अडतो, या भरवशावर तर अजिबात राहू नका. राधानगरी अडवतं ते फक्त भोगावतीच्या माथ्याचं पाणी. कासारी, कुंभी, तुळशी या नद्या आपापलं घेऊन येतात आणि चिखलीच्या संगमापासून पुढं साऱ्यांची मिळून पंचगंगा होते. 2019 आणि 2021 ला पंचगंगा कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ 55 फुटांच्या वर गेली होती. तिथं इशारा पातळी 39 फूट, धोका 43. आकडा 39 च्या आसपास असेल तर चिखलीचा संगम सोडा आणि पुईखडीचा चढ चढून सरळ कोल्हापुरात शिरा.