वैशाखातला स्लॅब, श्रावणातला रंग

संगमेश्वरजवळच्या आमच्या गावात आईबाबांसाठी घर बांधलं. भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या, वर काँक्रीटचा स्लॅब. स्लॅब पडला 11 मे 2024 ला, अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी. सकाळी सहाला मिक्सर सुरू झाला, तरी शेवटचा कोपरा भरेपर्यंत दीड वाजला. ऊन रणरणत होतं, त्यात वारा सुटलेला. तासाभरात त्या कोपऱ्यावर केसासारख्या भेगा उमटल्या. आतलं पाणी वर येतं त्याहून जास्त वेगाने उडून गेलं, की वरचा थर असा तडकतो. ओलं गोणपाट तिथे लगेच अंथरायला हवं होतं. आम्ही ते संध्याकाळी अंथरलं.

"ताई, तीन दिवस पाणी मारा, बास," मिस्त्री म्हणाले. मी ऐकलं नाही. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतं. पाणी संपलं की ते काम तिथेच थांबतं. आमची पोती राख मिसळलेल्या पीपीसी सिमेंटची होती. ते ताकद सावकाश धरतं, म्हणून काँक्रीटच्या आयएस 456 या भारतीय मानकात त्याला किमान दहा दिवस पाणी सांगितलंय आणि शक्यतो चौदा.

पण कोकणात मे महिन्यात पाणी आणायचं कुठून? चार महिने धो धो पाऊस पडणाऱ्या आमच्या गावात तेव्हा विहिरीला तळ लागलेला असतो. स्लॅबवर मातीची आळी केली आणि टँकर मागवले. बाबा पहाटे आणि तिन्हीसांजेला स्वतः वर चढून आळी भरत. पुरे चौदा दिवस. जूनमध्ये पाऊस लागला तेव्हा स्लॅबची काळजी मिटलेली होती.

चूक झाली ती पुढे. बाबांना गणपती नव्या घरात बसवायचा होता. चतुर्थी 7 सप्टेंबरला. आतला गिलावा 10 ऑगस्टला पुरा झाला, आठवडाभर त्यावर पाणी मारलं आणि महिनाअखेरीला पुट्टी आणि प्लास्टिक पेंट लावून मोकळे झालो. रंगाऱ्याने एकदा विचारलं होतं, "थांबायचं का जरा?" त्याला नको म्हणणारी मीच.

पन्नास किलोच्या पोत्याला साधारण 25 लिटर पाणी पडतं. त्यातलं निम्म्याच्या आसपास सिमेंट कायमचं बांधून घेतं. बाकीचं बारीक छिद्रांत राहतं आणि त्यातलं बरंचसं हळूहळू हवेत जावं लागतं. आमच्या स्लॅबलाच ऐंशी पोती लागली, म्हणजे जवळजवळ हजार लिटरची टाकी डोक्यावर. श्रावणात जिथे दोरीवरचा टॉवेल दोन दिवस वाळत नाही, तिथे भिंत कशी वाळणार? शिवाय चिरा सच्छिद्र. बाहेरून पावसाचं पाणी पीत होताच. आणि आतून आम्ही रंगाने तिचं तोंड बंद केलं.

ऑक्टोबरच्या उन्हात आतली ओल बाहेर निघाली, क्षार घेऊन. बाबांच्या खोलीत रंगाला फोड आले, मागे पांढरा लोणा. दिवाळीपर्यंत हाताएवढे पोपडे सुटले. कपाटामागे काळी बुरशी धरली आणि बाबांचा खोकला वाढला. ते एका शब्दानेही बोलले नाहीत, याचंच मला जास्त लागलं.

नोव्हेंबरात सगळं खरवडलं. लोणा कोरड्या ब्रशने झाडला. पाण्याने धुतला तर तो विरघळून पुन्हा आत जातो. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढली आणि दिवसभर समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवल्या. थंडीतली कोरडी हवा जे करते ते पंख्याने होत नाही. मग दर रविवारी भिंतीवर हातभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून लावायचा आणि सोमवारी उघडायचा. डिसेंबरात आतून थेंब असायचे. जानेवारीत नुसती वाफ धरायची. फेब्रुवारीच्या शेवटी बाबांनीच कागद काढला, आतून हात फिरवला आणि मला फोन केला, "कोरडा आहे गं."

तरी रंग आम्ही मार्चमध्ये लावला. उत्तरेची भिंत मात्र तशीच ठेवलीय. तिच्या कागदाखाली अजून थेंब धरतात.