वाईन निवळवण्याआधी, पिणार कोण ते विचारा

घरच्या वाईनला निवळवायला काय घालू, असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, पिणार कोण? माझ्या नणंदेला माशांची अॅलर्जी आहे आणि निवळवायला वापरतात ते आयसिंग्लास बनतं माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून. निवळवायच्या इतर गोष्टींचंही तसंच: केसीन दुधातलं, कायटोसान बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचातलं, जिलेटिन जनावराचं. यातलं बहुतेक गाळाबरोबर खाली बसतं, हे खरं आहे. पण ‘बहुतेक’च्या भरवशावर मी कुणाच्या हातात ग्लास देणार नाही. युरोपात अंडं किंवा दुधाचा अंश उरलेल्या वाईनच्या लेबलवर तसं लिहावं लागतं, २०१२ पासून.

म्हणून माझ्याकडे बेंटोनाइट असतं, तेही खाद्य दर्जाचंच. ही माती ऋणभारित असते, त्यामुळे वाईन गढूळ करणाऱ्या धनभारित प्रथिनांना धरून तळाशी जाते. भुकटी फार बारीक, श्वासात जाऊ देऊ नका. मी मास्क लावूनच मोजते. १०० मिली पाण्यात ५ ग्रॅम घोळवून रात्रभर फुगू द्यायची. मग १०० मिली वाईनच्या चार ग्लासांत अर्धा, एक, दीड आणि दोन मिली घोळ घालून ढवळायचं. एक मिली म्हणजे लिटरला अर्धा ग्रॅम. दोन-तीन दिवसांनी ग्लास उजेडात धरायचे आणि चव घ्यायची. ज्या सगळ्यात कमी मात्रेत वाईन निवळली, तीच मोठ्या भांड्यासाठी. जास्त घातलं की सुगंध आणि रंगही गाळात जातो.

गढूळपणा पेक्टिनचा, म्हणजे फळातल्या चिकट पदार्थाचा असेल तर बेंटोनाइटचा काही उपयोग नाही, ते तोडणारं पेक्टिनेज हे एन्झाइम लागतं. आणि यीस्ट नुसतं तरंगत असेल तर काहीच घालू नका. थंड जागी काही आठवडे ठेवा, बिअर तर फ्रिजमध्येही छान निवळते.

एक गोष्ट मात्र घरात आणूच नका: पोटॅशियम फेरोसायनाइड. धातूंचे अंश काढायला ते कारखान्यात प्रयोगशाळेच्या देखरेखीखाली वापरतात. मात्रा चुकली तर वाईनमध्ये हायड्रोजन सायनाइड हे जहाल विष तयार होऊ शकतं.

आणि नितळ दिसतंय म्हणून बाटल्या भरायची घाई नको. हायड्रोमीटरचं, म्हणजे द्रवाची घनता मोजणाऱ्या नळीचं वाचन काही दिवसांच्या अंतराने सारखंच यायला हवं, म्हणजे आंबवण थांबलंय हे कळतं. साखर शिल्लक असेल तर बाटलीत पुन्हा आंबवण सुरू होतं आणि काच फुटते. बाटलीवर मी तारखेखाली काय घातलंय तेही लिहिते. नणंद आधी तेच वाचते.